दुतर्फा वसुली

दोन्ही बाजूंनी वीज तयार करणारं सौर पॅनल मिळतं हे कळल्यापासून एकाच बाजूचं पॅनल घेतलेल्या माणसांची मला कीव यायला लागली. म्हणजे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची. 2024 साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान जाहीर झालं आणि कोथरूडच्या गच्च्यांवर बघता बघता निळी-काळी छपरं चढली. मी थांबलो. उशिरा घेणाऱ्याला माल चांगला मिळतो, हे माझं जुनं तत्त्व. शेजारच्या काकांचं बिल जवळजवळ शून्यावर आलं, तरी मी माहितीपत्रकंच वाचत होतो.

त्यातल्याच एका पत्रकात मला तो आकडा सापडला. बायफेशियल, म्हणजे दुतर्फा, 80 टक्के. मी लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. पुढून 550 वॉट, मागून त्याच्या 80 टक्के म्हणजे 440. एका पॅनलचे झाले 990. अशी सहा घेतली की पैसे 3.3 किलोवॉटचे आणि वीज जवळपास 6 किलोवॉटची. हा हिशेब मी घरात वाचून दाखवला, मग काकांना, मग दूधवाल्याला. काका म्हणाले, "असं असतं तर मला का नाही कुणी सांगितलं?" मी नुसता हसलो. त्या हसण्याची किंमत पुढे हप्त्याहप्त्यानं चुकती करावी लागली.

पॅनल बसवणाऱ्या एजन्सीकडून एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. तिनं माझा कागद नीट वाचला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "काका, 80 टक्के म्हणजे पुढच्या बाजूवर जेवढा उजेड पडतो तेवढाच जर मागच्या बाजूवर पडला, तर ती पुढच्या बाजूच्या 80 टक्के वीज देईल. पण पाठीवर तेवढं ऊन पाडणार कोण?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. पाठ जमिनीकडे असते. जमिनीवर पडलेल्या उन्हातलं जे उलटून वर येईल, त्यावर तिचं पोट. डांबर आलेल्या उजेडातला जेमतेम दहावा हिस्सा परत फेकतं, जुनी सिमेंटची गच्ची पाव ते तिसरा हिस्सा, ताजा बर्फ 80 टक्क्यांच्याही वर. "कोथरूडला बर्फ पडत नाही," असंही तिनं सांगितलं. कारखान्यातसुद्धा अशा पॅनलची दुतर्फा क्षमता छापताना पुढून चौरस मीटरला 1000 वॉटचा उजेड धरतात आणि मागून फक्त 135 चा. पॅनलच्या आतल्या सेल कुठल्या जातीच्या, यावरही पाठीचा कस ठरतो. पर्क जातीच्या सेलची पाठ पुढच्या बाजूच्या सुमारे 70 टक्के, टॉपकॉनची 80, हेटरोजंक्शनची 90 च्या आसपास. "तुमच्या गच्चीवर पाठीकडून 5 ते 10 टक्के धरा. त्याहून जास्त मिळालं तर मला पेढे द्या."

पेढे अजून बाकी आहेत.

ती सावल्यांची पाहणी करायला आली तो मेचा मध्य होता आणि वेळ दुपारची. गच्चीच्या कडेला वडिलांनी बांधलेल्या पायावर पाण्याची काळी टाकी आहे. वास्तुशास्त्रात टाकी नैऋत्येला सांगितली आहे म्हणून ती नैऋत्येला. इंजिनिअर टाकीकडे बघून म्हणाली, "पॅनलं सहा फूट उत्तरेला सरकवू या का? हिची सावली येईल." मी तिला हातानं धरूनच टाकीपाशी नेलं म्हणा ना. "सावली? दाखव कुठे आहे सावली?" टाकीच्या बुडाशी सावलीचा मागमूस नव्हता. तिथे उभ्या केलेल्या कुंच्याच्या दांड्यालाही नव्हता. मला तर माझीसुद्धा दिसत नव्हती. "आमच्या गच्चीवर सावली नसते," मी जाहीर केलं. ती काहीतरी बोलणार होती, पण मी यजमान होतो आणि मला बोलण्याची सवय आहे. शिवाय उत्तरेकडचे सहा फूट मी कोजागिरीच्या खुर्च्यांसाठी राखून ठेवले होते.

भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडे वर्षातून दोनदा असा दिवस येतो, जेव्हा भर मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीला सावली राहत नाही. पुण्यात तो एकदा मेच्या मध्यावर येतो आणि एकदा जुलैच्या अखेरीस. पाहणीसाठी नेमका तो दिवस मी गाठला होता. शाळेच्या भूगोलात मला या धड्याला पैकीच्या पैकी मार्क होते.

सावलीचा निकाल असा लावल्यावर मी सगळी बुद्धी दिशेच्या मागे लावली. आपल्याकडे पॅनलचं तोंड दक्षिणेला करतात, कारण वर्षातला बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, आणि उतार साधारण गावाच्या अक्षांशाइतका म्हणजे पुण्याला 18 अंशांच्या आसपास ठेवतात. आईचा यालाच विरोध. "अरे, दक्षिण यमाची. दक्षिणेकडे पाय करून आपण झोपत नाही, आणि तू या सहा जणांना तसंच निजवणार?" तिची समजूत काढली. (ती निघाली नाही, पण तिनं विषय सोडला.) मग खरी दक्षिण शोधायला मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. आमच्या गच्चीवर वरच्या मजल्याच्या आशेनं सोडलेल्या सळया आहेत. त्या आशेला आता तीस वर्षं होऊन गेली. त्या लोखंडाजवळ मोबाइल नेला की उत्तर सिंहगडाकडे, दोन पावलं मागे आलं की हिंजवडीकडे.

तेव्हा मी शास्त्रीय मार्ग धरला. पाच फुटांची काठी उभी केली, घड्याळात बरोबर बारा वाजले तेव्हा तिची वीतभर सावली खडूनं आखली आणि ती उत्तर-दक्षिण रेषा म्हणून जाहीर केली. वेल्डिंगवाल्यानं त्या रेषेवर पाय रोवायला भोकं पाडायची तयारी केली. इंजिनिअर आली आणि रेषेकडे नुसती बघत राहिली. "काका, ही पूर्व-पश्चिम आहे." भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे मेमध्ये आपल्याकडे सूर्य मध्यान्हीला येतो तोच साडेबाराच्या सुमारास. बाराला तो पूर्वेकडे थोडा कललेला असतो, आणि शून्य सावलीच्या दिवसांत ती उरलीसुरली वीतभर सावली सरळ पश्चिमेला पडते. माझ्या रेषेप्रमाणे पॅनलं बसली असती तर सहाही जण काकांच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले असते.

"मग आता अंशाअंशानं मोजायचं?" मी वहीच उघडली होती. तर ती म्हणाली, एवढ्या कमी उतारावर दिशा दहा अंशांनी इकडेतिकडे झाली तर वर्षाच्या विजेत एक टक्क्याचाही फरक पडत नाही, भिंतीला समांतर लावून टाका, दिसायलाही बरं. ज्या गोष्टीवर मी आईशी, वेल्डिंगवाल्याशी आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाशी भांडलो, ती गोष्ट पाव-अर्ध्या टक्क्याची होती.

खरी मेख उंचीत होती. पॅनल जमिनीलगत ठेवलं तर पाठीला खाली फक्त स्वतःचीच सावली दिसते. मीटरभर वर उचललं की आजूबाजूच्या उन्हातल्या जमिनीवरचा उजेड तिरका आत शिरतो. म्हणून पुढचे पाय साडेतीन फुटांचे ठरले. आडव्या पट्ट्या पॅनलच्या कडांखालून घ्यायच्या, मधोमध नाही, हेही तिनं बजावलं होतं, कारण मधली पट्टी पाठीच्या सेलवर कायमची सावली धरते. वेल्डिंगवाल्याला मजबुतीसाठी मधेही एक अँगल ठोकायचा होता आणि मी मजबुतीच्या बाजूचा माणूस. तो अँगल आजही तिथे आहे.

आता पाठीसाठी जमीन पांढरी करायची. 1982 साली माद्रिदमध्ये आंद्रेस क्युएव्हास, अंतोनियो लुके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुतर्फा सेलच्या पॅनलला परावर्तित उजेड देऊन 50 टक्के जास्त वीज काढून दाखवली होती, हे मी वाचलं. त्याच्याही आधी सोव्हिएत अवकाशस्थानकांवर असल्या सेल होत्या, पृथ्वीवरून उलटणारा उजेड पकडायला. पृथ्वी हातात नव्हती, गच्ची होती. कोटिंगवाल्याचा दर ऐकून मी चुना आणला. पॅनलं चढायच्या आदल्या आठवड्यात स्वतः कुंचा घेऊन सगळी गच्ची पांढरी केली. चुन्यात डिंक घालतात हे मला ठाऊक होतं. डिंकाचे लाडू आवडतात म्हणून घरातला डिंक मी वाचवला.

त्याच रात्री वळीव आला. चुना वाळून घट्ट व्हायला हवा तेवढे दिवस काही त्यानं दिले नाहीत. सकाळी गच्ची होती तशी करडी आणि आमच्या पन्हाळीखाली उभी असलेली काकांची नवीकोरी काळी गाडी मात्र दुतर्फा पांढरी. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडी धुण्याचं बिल आमच्या दारात आणून दिलं, कोऱ्या बाजूवर हिशेब करायला.

शेवटी पावसाळ्यानंतर पांढरं कोटिंग करून घेतलंच. नव्या पांढऱ्या रंगावर पडलेल्या उजेडातला 70-80 टक्के उजेड परत जातो म्हणतात. माझे डोळे याला साक्ष आहेत. दुपारी गच्चीचं दार उघडलं की समोर काही दिसत नसे. पण रंग वाळला आणि वेगळीच अडचण उभी राहिली. साडेतीन फुटांपासून मागे सहा फुटांपर्यंत चढत जाणारं छप्पर, खाली स्वच्छ पांढरी फरशी, चारी बाजूंनी वारा. आमच्या घरात इतकी चांगली जागा दुसरी नाही. आठवड्याभरात तिथे आईची आरामखुर्ची आली, तिच्यावर गोधडी, मग जुना कूलर, मग नातवाची सायकल, आणि मागच्या पायांना बांधलेल्या दोऱ्यांवर धुणं. पाठीला खाली फरशी दिसण्याऐवजी काळ्या चंद्रकळेचे काठ दिसायला लागले. मी पाटी लावली: 'पॅनलखाली वस्तू ठेवू नयेत.' हिनं ती वाचून विचारलं, "अहो, पांढऱ्या वस्तू चालतील का?" शास्त्राला धरून मी हो म्हणालो. तेव्हापासून तिथे माझे बनियन आणि पलंगपोस वाळतात. पांढरी चादर उजेड परत टाकते हे खरं, पण टांगलेली चादर मागच्या फरशीवर सावलीही पाडते. या दोन्हींची वजाबाकी अजून मला जमलेली नाही. आणि या सगळ्यावर कबुतरं. त्यांना अडवायला मी चहूबाजूंनी हिरवी जाळी लावली. इंजिनिअरनं फोटो बघून लिहिलं, "काका, पाठ बुरख्यात घातलीत." जाळी काढली. कबुतरं परत आली, फरशी ठिपकेदार झाली.

ऑक्टोबरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कोटिंग नवं असल्यामुळे पाठ किती कमावते हे बघायची मला घाई होती. रोज बाराच्या सुमारास वर जायचं, पुढच्या कडेला पोट टेकून उभं राहायचं आणि मोबाइलवर इन्व्हर्टरचं ॲप उघडायचं. ऑक्टोबर हीट आणि खालून पांढऱ्या फरशीचा मारा, स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून छत्री. मी उभा राहिलो की थोड्या वेळानं आकडा उतरायचा. ॲप दर पाच मिनिटांनी आकडा बदलतं, म्हणून तो परत चढेपर्यंत मी थांबायचो. तो चढायचा नाही. मी आणखी वाकून बघायचो. मग वैतागून जेवायला खाली यायचो आणि दहीभात संपेपर्यंत आकडा पूर्ववत.

इंजिनिअरचा फोन आला. "काका, तुमच्या आलेखात रोज दुपारी खड्डा पडतो. शेजारी नवीन बांधकाम? मोबाइल टॉवर? पताका?" मी काकांच्या डिश अँटेनावर संशय घेतला, तो काकांना कळवलाही. ती स्वतः बघायला आली. मी नेहमीच्या जागी, छत्रीसकट, पोट टेकून. जिन्यातून ही म्हणाली, "अगं, बघतेस काय, तो खड्डा इथे उभा आहे."

छत्रीएवढ्या सावलीनं एवढं काय व्हावं, हा माझा बचाव. तर पॅनलमधल्या सेल आणि सहाही पॅनलं एकामागे एक जोडलेली असतात, सगळ्यांतून वीज एकाच प्रवाहानं जायची. लग्नाच्या वऱ्हाडाची बस जशी एका मामासाठी थांबते, तसा अख्खा प्रवाह सगळ्यांत अंधारातल्या सेलपाशी अडतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक पॅनलला बहुतेक तीन बायपास डायोड असतात. मामा येत नाही म्हटल्यावर त्याच्या कुटुंबाला सोडून बस निघते, म्हणजे त्या भागाची वीज गेली, पण बाकीचे कार्याला पोचतात. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलच्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग वेगळा चालतो, म्हणून माझ्या छत्रीनं पॅनलचा खालचा भागच तेवढा निजवला. मात्र माझी छत्री खालच्या कडेच्या सेलवर आडवी पसरायची, म्हणजे त्या भागातली तिन्ही कुटुंबं एकदमच घरी. ही सावली पुढच्या बाजूवरची. पाठीवरची सावली इतकी मारक नसते, कारण तिथे मुळात मिळतच थोडं असतं.

मधल्या काळात मला जर्मनीतली शेतं सापडली. तिकडे दुतर्फा पॅनलं कुंपणासारखी उभी करतात, एक तोंड पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, ओळींच्या मधून ट्रॅक्टर जातो. सकाळी एक बाजू भरते, संध्याकाळी दुसरी, आणि दुपारी सगळ्यांची वीज ओसंडत असते तेव्हा ही जरा विसावतात. मी लगेच कठड्यावर एक उभं लावायचं ठरवलं. इंजिनिअरनं नुसतं पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिथे चार मजली इमारत आहे, संध्याकाळ आमच्याकडे उन्हाशिवायच येते. शिवाय वेगळ्या दिशेचं पॅनल त्याच माळेत जोडलं तर दुपारी तेच मामा होणार.

डिसेंबरात मग ती गोष्ट घडली, जी मी मेमध्ये होऊच शकत नाही म्हणालो होतो. पुण्यात डिसेंबरात भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवरच असतो आणि तीननंतर तो नैऋत्येकडून येतो. नैऋत्येला काय आहे? टाकी. तिची सावली ईशान्येला लांबत जाते, आणि साडेतीनपर्यंत ती दोन पॅनलांवर चढून बसलेली असते. पाठ दिवसभर राबून जे एखादं युनिट जमवायची, ते टाकी चहाच्या वेळेआधीच गिळायची. मी आईला टाकी हलवण्याबद्दल विचारून बघितलं. तिचं म्हणणं, ज्यानं दक्षिणेकडे पाय केले त्यानं सरकावं. एका पॅनलच्या सावलीनं बाकीची अडू नयेत म्हणून प्रत्येक पॅनलला एक-एक ऑप्टिमायझर लावायचा दरही काढला, तो काढूनच ठेवला. शेवटी वेल्डिंगवाल्याला बोलावून ती दोन पॅनलं उत्तरेला सरकवली, जिथे मुलीनं पाहणीच्याच दिवशी सांगितलं होतं तिथे. कोजागिरीच्या खुर्च्या आता जिन्याच्या पायरीपाशी मांडतो. चंद्र तिथूनही दिसतो, फक्त काकांच्या डिशच्या आडून.

स्वच्छ दिवशी आता 12-13 युनिटं होतात, किलोवॉटला 4 च्या आसपास. आपल्याकडे कुणालाही मिळतात तेवढीच. पाठीचा वाटा त्यात दिवसाला जास्तीत जास्त एक, तोही फरशी धुतलेली असेल आणि खाली चंद्रकळा वाळत नसेल तर. पैशात बघायचं तर दुतर्फा पॅनलनं माझं नुकसान केलेलं नाही. जे केलं ते मी, चुन्यानं, अँगलनं आणि छत्रीनं.

ज्यांना पॅनलं बसवायची आहेत त्यांना एवढंच सांगतो. पाहणीचा माणूस मेमध्ये आला तरी त्याच्याकडून डिसेंबरच्या दुपारी तीनची सावली काढून मागा. ती त्याच्या संगणकावर पाच मिनिटांत निघते. आणि तो मोजत असेल तेवढा वेळ घरमालकानं खाली जाऊन चहा करावा.